चिकनच्या पाकिटाची मागची बाजू

बल्लारपुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं चिकनचं दुकान एकवीस वर्षं चाललं. त्यातली पहिली चौदा वर्षं मी जे पाकीट विकत होते, ते उलटं करून कधी वाचलंच नव्हतं. ज्या माणसामुळे वाचायला लागले त्याची गोष्ट सांगायची, तर आधी हे कबूल करावंच लागतं.

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातलं. वडील गावच्या तलावात मासे धरायचे, आई ते मूलच्या बाजारात विकायची आणि मी तिच्या बाजूला पोत्यावर बसून शिकायचे. मासा ताजा आहे की नाही हे कल्ला उचलला की कळतं. आत लालभडक दिसलं तर घ्यायचा, मातकट दिसलं तर सोडायचा. त्यामुळे माल ओळखायला वाचावं लागतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. दहावीपर्यंत शिकले, लग्न होऊन बल्लारपूरला आले. यजमान कोळसा खाणीत होते. एका कंपनीनं पाकीटबंद चिकन विकायला दुकानदार शोधायला घेतले, तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत दोन फ्रीजर मांडले आणि बसले.

आमच्या रस्त्यावर जिवंत कोंबडी कापून देणारी चार दुकानं होती. माझ्याकडे पिंजरा नाही, पिसं नाहीत, वास नाही. लोक आत यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि विचारायचे, "बाई, कोंबड्या कुठी आहेत?" मी फ्रीजरचं झाकण सरकवून दाखवायची. काही जण पाकीट हातात घेऊन दगडासारखं ठोकून बघत आणि न घेताच जात.

एक रिटायर गुरुजी दर शनिवारी येत. पाकिटावरची तारीख वाचत आणि म्हणत, "ही पॅक केल्याची तारीख झाली. कोंबडी कोणत्या दिवशी मेली ते सांगा." मी म्हणायची, "गुरुजी, मी काय तिच्या तेरवीले गेली होती?" सगळं दुकान हसायचं. गुरुजीही हसायचे आणि पाकीट घेऊन जायचे. आज वाटतं, त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मला ठाऊक नव्हतं म्हणून मी त्याचा विनोद करून टाकला. चौदा वर्षं मी असंच तोंडाच्या जोरावर दुकान चालवलं.

सिडाम भाऊ माझ्याकडे यायला लागले ते पेपर मिलमधून रिटायर झाल्यावर. सडपातळ माणूस, इस्त्रीचा शर्ट, सायकलला पिशवी. मूळचे चामोर्शीकडच्या जंगलातल्या एका गावचे. घरात ते आणि त्यांची बायको जनाबाई, दोघंच. जनाबाईचं हृदय कमजोर झालं होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या लावल्या होत्या आणि मीठ अगदी कमी करायला सांगितलं होतं.

"मटण बंद केलं तिचं," सिडाम भाऊ म्हणाले. "चिकन थोडं चालते म्हणलं डॉक्टरनं. पण बिनमिठाचं तिच्या घशाखाली उतरत नाई बाई. दोन घास खाते अन् ताट सारते. काही हलकं आहे का तुमच्याकडे?"

मी लगेच एक पाकीट काढलं. त्या वर्षीच नवीन आलं होतं. फिकट हिरवा रंग, कोपऱ्यात पानाचं चित्र, इंग्रजीत 'लाइट' असं मोठ्या अक्षरात. आत बिनहाडाचे मऊ तुकडे. मी स्वतः घरी करून खाल्ले होते, छान लागत होते.

"हे न्या भाऊ," मी म्हणाले. "नुसतं तव्यावर ठेवा. वरून मीठ टाकायची गरजच नाई पडत, इतकी चव आहे याले."

हे वाक्य माझ्या तोंडचं आहे, शब्दाला शब्द. कितीदा तरी आठवलं आहे.

पुढच्या खेपेला सिडाम भाऊ आले ते हसतच. "जेवली बाई, पोटभर जेवली! मीठ कणभर नाई टाकलं." मग ते बुधवारी आणि रविवारी यायला लागले, दर वेळी दोन पाकिटं. मला फार बरं वाटायचं. आपण एका आजारी बाईला जेवायला लावलं, असं मी शेजारणीला सांगितलंसुद्धा.

दीड-दोन महिने असं चाललं. मग एक बुधवार चुकला, रविवारही चुकला. पुढं एका दुपारी ते आले. सायकल नव्हती, चालत आले होते. शर्टाच्या खिशातून त्यांनी ते हिरवं पाकीट काढलं. रिकामं, धुऊन वाळवलेलं, चार घड्या घातलेलं.

"बाई, याच्यामागं काय लिहून आहे ते वाचून सांगा."

मी चष्मा लावला. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. 'चिकन' तेवढं वाचता आलं, पुढचं जुळेना. मी पाकीट जवळ धरलं, लांब धरलं, दाराच्या उजेडात नेलं.

"नाई वाचता येत भाऊ," मी म्हणाले.

"तुमीच विकता ना हे?"

"हाव."

ते स्टुलावर बसले. आवाज जरासुद्धा चढला नाही. "मी चौतीस वर्षं मिलमध्ये कागदच केला. पण इंग्रजी मलेही नाई येत. मले वाटलं, तुमाले येत असन." मग म्हणाले, "जना दवाखान्यात आहे. पाय सुजले, दम लागून राह्यला. तिथल्या मॅडमनं इचारलं काय खाते. मी मोठ्या कौतुकानं हे पाकीट दाखवलं. त म्हणते, याच्यात मीठच मीठ आहे. मी भांडलो तिच्याशी. म्हणलं, मीठ आमी टाकतच नाई."

ते ओरडले असते तर मीही काहीतरी बोलले असते. कंपनीवर ढकललं असतं. ते नुसते पाकिटाच्या घड्या घालत बसले. मी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि म्हणाले, "चला भाऊ, मीबी येते." चंद्रपूरच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो.

जनाबाईला मी तोवर कधी बघितलंच नव्हतं. पलंगावर पाठीशी तीन उशा लावून बसवलं होतं, आडवं पडलं की श्वास अडकायचा. पायांवर बोट ठेवलं तर खड्डा राहील अशी सूज. नाकाला नळी.

"कोण आहे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"दुकानवाली बाई."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. एकेक शब्द श्वास घेत घेत म्हणाली, "चांगलं लागे तुमचं चिकन."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

तिथंच ती आहार सांगणारी मॅडम भेटली. माझ्या मुलीच्या वयाची, गडचिरोलीची. मी तिला सगळं खरं सांगितलं आणि म्हटलं, "मले हे वाचायले शिकवा." तिला पेशंट बघायचे होते, तरी ती माझ्याजवळ बाकावर बसली. तिनं मला धीर दिला की एका पाकिटामुळेच झालं असं ठामपणे सांगता येत नाही, मधे गोळ्याही चुकल्या होत्या. मी मान हलवली, पण तो धीर काही मला घेता आला नाही.

ती म्हणाली, "पाकिटाची पुढची बाजू कंपनीची मर्जी, मागची बाजू कायद्याची. आधी मागं बघायचं." मग तिनं बोट ठेवून दाखवलं. आत काय काय घातलंय त्याची यादी असते, आणि ज्याचं वजन जास्त ते आधी लिहितात. साध्या कच्च्या चिकनच्या पाकिटावर यादी नसते किंवा नुसतं 'चिकन' असतं. आमच्या हिरव्या पाकिटावर चिकन, मग पाणी, मग मीठ, मग आणखी चार नावं. तुकडे मऊ राहावेत म्हणून मिठाच्या पाण्यात मुरवलेले होते. 'लाइट' होतं ते चरबीच्या बाबतीत. मिठाबद्दल पुढच्या बाजूला एक अक्षर नव्हतं आणि कंपनी खोटंही बोलली नव्हती.

खाली चौकोन असतो, त्यात सोडियमचा आकडा. सोडियम म्हणजे मिठातला तो भाग जो जनाबाईसारख्या माणसाला बाधतो. मॅडमनं एक हिशेब शिकवला तो मी अजून सगळ्यांना सांगते. चारशे मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण एक ग्रॅम मीठ. साध्या कच्च्या कोंबडीत शंभर ग्रॅममागे तो आकडा शंभराच्या आतच असतो. हिरव्या पाकिटावर सहाशेच्या वर होता. शिवाय आकडा शंभर ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, तेही बघायचं. वाढप म्हणजे कंपनीच्या मते चार तुकडे. जनाबाई दहा खात होती, आणि आम्ही दोघंही खूश होतो.

परत आल्यावर आठ दिवस मी दुकानातलं प्रत्येक पाकीट मागून वाचलं. मोबाइलनं फोटो काढायचा, बोटांनी अक्षर मोठं करायचं, अडलेला शब्द मोबाइललाच विचारायचा. किती गोष्टी मी वर्षानुवर्षं उलट्या सांगत होते! 'थंड ठेवा' आणि 'गोठवलेलं' यांत मी फरकच करत नव्हते. थंड ठेवलेलं चिकन थोड्या दिवसांचं असतं, गोठवलेलं महिनोन्महिने टिकतं, पण उणे अठरा अंशांवर राहिलं तरच. एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही. 'हार्मोन नाही' असं छापलेलं पाकीट मी खास म्हणून दाखवायची. गावातल्या पशुवैद्य डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आपल्याकडे ब्रॉयलरला हार्मोन देतच नाहीत, तो पक्षी जातीनं आणि खाद्यानंच लवकर वाढतो, तेव्हा ते लिहिण्यात विशेष काही नाही. अँटिबायोटिकचं तसं नाही. ते द्यावं लागतं कधी कधी. 'अवशेष नाहीत' म्हणजे कधीच दिलं नाही असं नव्हे. औषध बंद केल्यावर ठरलेले दिवस थांबून मगच पक्षी कापला, असं त्यातून समजायचं. आणि एका पाकिटावर झोपडी, अंगण, दाणे टिपणारी लाल कोंबडी असं चित्र होतं. लोक ते गावरान म्हणून मागायचे आणि मी 'हाव' म्हणून द्यायची. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं की चित्र केवळ शोभेसाठी आहे. गावरान हा शब्द पूर्ण पाकिटावर कुठंच नव्हता.

मी जाड पुठ्ठे आणले आणि काळ्या स्केचपेननं प्रत्येक मालाचं एक कार्ड केलं. मागं जे लिहिलं होतं तेच, मराठीत, दोन बोटं उंच अक्षरात. हिरव्या पाकिटाच्या कार्डावर 'मीठ' हा शब्द सगळ्यात आधी दिसायचा, कारण तो लिहिताना माझा हात जरा जड झाला होता.

पंधरा दिवसांत कंपनीचे साहेब नागपूरहून आले. तरुण माणूस, बोलायला गोड. फ्रीजरपुढं उभे राहून त्यांनी सगळी कार्डं वाचली.

"बाई, हे काय लावून ठेवलं? गिऱ्हाईक पळवता का?"

"काऊन साहेब? खोटं लिहिलं का?"

"खोटं नाही. पण असं कोणी लावतं का? दुकान आमच्या नावाचं आहे. काढा ते."

दुकान खरंच त्यांच्या नावाचं होतं. माल बंद केला असता तर माझे फ्रीजर रिकामे झाले असते आणि त्या वयात मी दुसरं काय केलं असतं, मला माहीत नाही. मी हिरवं पाकीट काढलं, उलटं केलं आणि कार्डाशेजारी धरलं.

"तुमच्याच पाकिटावरचं आहे साहेब. मी फक्त मोठं केलं."

त्यांनी पाकीट घेतलं. बराच वेळ वाचत राहिले. मला वाटतं, तेही पहिल्यांदाच वाचत होते. मग पाकीट जागेवर ठेवलं, बॅग उचलली आणि दारातून म्हणाले, "मी आज आलो तेव्हा इथे काही लावलेलं नव्हतं." गाडी गेली. माल येत राहिला. पुढं कोणी काही विचारलं नाही. त्या साहेबांची बदली झाली, मी त्यांचे आभार मानायचे राहिले ते इथं मानते.

जनाबाई पंधरा-वीस दिवसांनी घरी आली. सिडाम भाऊ पुन्हा माझ्याकडेच येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. साधं चिकन घेतलं आणि पिशवीतून पापडाचं एक पाकीट, लोणच्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा काढून काउंटरवर मांडला. "हे बी वाचू आपण." मग दर बुधवारी आमचा तो कार्यक्रमच झाला. दोघं चष्मे लावून बसायचो. 'सोडियम' हा इंग्रजी शब्द त्यांनी चित्रासारखा पाठ केला. एकदा किराणा दुकानदाराला सूपचा पुडा परत करून आले आणि मला ऐटीत सांगितलं, "म्हणलं त्याले, याच्यात नऊशे आहे, तूच पी."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी परीक्षा झाली. बल्लारपूरचा मे महिना, रस्त्यावर डांबर पाघळत होतं. सकाळी लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर जळला होता, दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत आली नाही. झाकण उघडायचं नाही म्हणून मी फ्रीजरवर गोधड्या टाकल्या होत्या. लाइट आल्यावर झाकण सरकवलं, तर पाकिटं हाताला लिबलिबीत लागली, खालच्या थराला गुलाबी पाणी. तासाभरात ती पुन्हा दगडासारखी झाली असती. तारीख सगळ्यांवर पुढच्या हिवाळ्याची होती. कोणाला कळलं नसतं.

सिडाम भाऊ बुधवारचे म्हणून नेमके तेव्हाच आले. मी म्हणाले, "आज नाई भाऊ. तारीख बाकी आहे, माल नाई." त्यांनी एका पाकिटावर अंगठा दाबून बघितला. घरी गेले आणि फावडं घेऊन आले. आमच्या मागच्या पडीक जागेत आम्ही दोघांनी कमरेएवढा खड्डा खणला, सगळी पाकिटं फाडून माल आत टाकला, वरून चुना आणि माती. रिटायर माणूस, भर उन्हात, दुसऱ्याच्या मालासाठी. मी म्हणाले, "भाऊ, तुमी कशाले?" ते घाम पुसत म्हणाले, "ज्या दिवशी तुमाले वाचता नव्हतं येत, त्या दिवशी तुमी माझ्यासंगं गाडीत बसल्या होत्या."

गेल्या वर्षी गुडघ्यांनी उभं राहू देईना, तेव्हा दुकान बंद केलं. कार्डं गुरुजींनी मागून नेली, त्यांच्या जुन्या शाळेत दाखवायला. सिडाम भाऊ आणि जनाबाई आता त्यांच्या गावी, चामोर्शीकडे परतले आहेत. या दिवाळीआधी त्यांचा निरोप आला, "एक दिवस जेवाले या."

गेले. मोहाच्या झाडाखाली अंगण, त्यात सात-आठ कोंबड्या. जनाबाई वाळली आहे, पण चालती-फिरती. त्या दवाखान्याला आठ वर्षं झाली. तिनं स्वतः पाळलेली कोंबडी कापली होती आणि चुलीवर रांधली होती. ताट पुढं करून म्हणाली, "हिच्यावर काही लिहून नाई बाई. काय इचारायचं ते मलेच इचारा." सिडाम भाऊ जोरात हसले.

कोंबडीची भाजी बिनमिठाची होती. त्यांच्या घरी एकच भांडं शिजतं, वेगळं काही करत नाहीत. पाहुण्यासाठी म्हणून ताटाजवळ वाटीत मीठ ठेवलं होतं. मी वाटीकडे बघितलं आणि तशीच जेवायला लागले. दोन घास, चार घास. जनाबाई माझ्याकडे बघत होती.

"कसं लागून राह्यलं?"

"चांगलं आहे."

"खरं सांगा."

"फिकं लागते," मी म्हणाले.

ती इतकी हसली की तिला धाप लागली आणि सिडाम भाऊ पाणी आणायला उठले. पाणी पिऊन झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "मले रोज असंच लागते. म्हणून त जित्ती आहे." मग ती माझ्याजवळ सरकली, वाटीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि माझ्या ताटात, भाजीच्या कडेला, आपल्या हातानं वाढलं.

"तुमाले काय झालं? तुमाले चालते. खा."

मी खाल्लं.